आरोपीचे भाषण : प्लेटोच्या 'अपॉलॉजी'चे एक वाचन

सॉक्रेटिस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम येतो तो विषाचा पेला. मीरेच्या कथेने विषाच्या प्याल्याची ओळख आपल्याला आधीच करून दिलेली असल्यामुळे ग्रीसमधला हा दुसरा प्याला मराठी वाचकाला कधी परका वाटला नाही. पण या पेल्याने एक अन्याय केला आहे. त्याच्या सावलीत ज्या न्यायालयात ही शिक्षा ठोठावली गेली ते न्यायालय दिसेनासे झाले, आणि तिथे झालेले भाषण आपण वाचण्याऐवजी गृहीत धरू लागलो. झाक-लुई दाविद या फ्रेंच चित्रकाराने १७८७ मध्ये रंगवलेले आणि आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेले प्रसिद्ध चित्र अनेकांनी पुस्तकांतून पाहिले असेल. सॉक्रेटिस मंचकावर ताठ बसून एक हात वर उभारून बोलतो आहे, दुसरा हात पेल्याकडे गेला आहे, शिष्य विलाप करीत आहेत आणि मंचकाच्या पायथ्याशी एक वृद्ध मान खाली घालून बसला आहे. हा वृद्ध म्हणजे प्लेटो.

प्रत्यक्षात त्या दिवशी प्लेटोने तिशीही गाठलेली नव्हती. आणि तो तिथे नव्हताच.

चित्रकाराला हे माहीत नव्हते असे नाही. पुढे आयुष्यभर या मृत्यूचे चिंतन करणारा प्लेटो त्याला दाखवायचा होता, म्हणून त्याने त्याला म्हातारा केला आणि कोठडीत आणून बसवले. चित्रकाराचे हे स्वातंत्र्य आपण मान्य करू. पण समीक्षकाने मात्र प्लेटो कोठे होता आणि कोठे नव्हता याची नीट नोंद घेतली पाहिजे, कारण ती नोंद खुद्द प्लेटोनेच करून ठेवली आहे. त्याच्या एवढ्या विपुल संवादलेखनात तो स्वतः कोठेही बोलत नाही. त्याचे नावदेखील अवघे तीन वेळा येते. त्यांपैकी दोनदा ते 'अपॉलॉजी'त येते : न्यायालयात उपस्थित असलेल्यांपैकी एक म्हणून आणि दंडाला जामीन राहणाऱ्यांपैकी एक म्हणून. तिसऱ्यांदा ते 'फीडो'त येते, आणि ते तो आजारी असल्यामुळे मृत्यूच्या दिवशी आला नाही हे सांगण्यापुरतेच. म्हणजे खटल्याचा प्लेटो साक्षीदार आहे, मृत्यूचा नाही. सॉक्रेटिसविषयीचे हे दोन ग्रंथ आपण एका दमात वाचतो, एकाच आदराने वाचतो. पण त्यांची जात भिन्न आहे. प्रस्तुत लेखात भर आहे तो पहिल्यावर.

शीर्षकाचा घोटाळा प्रथम दूर केला पाहिजे. 'अपॉलॉजी' या इंग्रजीतून आलेल्या शब्दाने आपल्याला क्षमायाचनेचा भास होतो. मूळ ग्रीक 'अपोलोगिया' म्हणजे आरोपीने न्यायालयात केलेले बचावाचे भाषण. त्यात माफीचा लवलेश नाही. शब्द न्यायालयीन व्यवहारातला आहे, आणि तो व्यवहार कसा चालत असे हे कळल्याशिवाय या भाषणातली निम्मी वाक्ये आपल्यापुरती मुकी राहतात.

इ. स. पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता. कोणाही नागरिकाला दुसऱ्यावर असा खटला गुदरता येत असे. मेलेटस या तरुणाने तो गुदरला. अ‍ॅनिटस आणि लायकॉन त्याच्या पाठीशी होते. नगर ज्या देवांना मानते त्यांना सॉक्रेटिस मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो, असा आरोप होता. प्राथमिक सुनावणी धार्मिक बाबी पाहणाऱ्या 'राजा' या पदवीच्या अधिकाऱ्यापुढे झाली. त्याच्या कचेरीची जागा अथेन्सच्या बाजारचौकात १९७० मध्ये उत्खननातून सापडली. मुख्य खटला चालला तो सामान्य नागरिकांच्या मंडळापुढे. तीस वर्षे पूर्ण केलेल्या सहा हजार पुरुषांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून हे मंडळ निवडले जाई. या खटल्यात ते ५०० किंवा ५०१ जणांचे असावे असे अभ्यासक धरतात. प्रत्येकाला दिवसाचा भत्ता तीन ओबोल. न्यायाधीश नाही, वकील नाही, आपसांत विचारविनिमय नाही, वरचे न्यायालय नाही. पाण्याचे घड्याळ वाहू लागे, फिर्यादी बोले. पुन्हा वाहू लागे, आरोपी बोले. मग गुप्त मतदान. सारा कारभार एका दिवसात संपे. आपल्याकडे दिवाणी दाव्यांची पिढीजात वारसाहक्काने वाटणी होते हे पाहणाऱ्या वाचकाला या वेगाचा हेवा वाटेल, पण सॉक्रेटिसची तक्रार नेमकी तीच होती. वर्षानुवर्षे साचलेला किंतु एवढ्या थोड्या वेळात दूर कसा करायचा?

भाषणाचा आरंभ नम्र आहे. आपल्याला न्यायालयाची भाषा येत नाही, सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच येथे उभा आहे, बाजारात ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत बोलेन, असे तो सांगतो. वाचक विरघळतो. मात्र त्या काळची न्यायालयीन भाषणे वाचली की लक्षात येते की, आपल्याला वक्तृत्व येत नाही असे म्हणून सुरुवात करणे ही कसलेल्या वक्त्यांची रूढ क्लृप्ती होती. म्हणजे प्लेटोचा सॉक्रेटिस वक्तृत्व नाकारतो तेही वक्तृत्वाच्याच नियमाने. हा दांभिकपणा म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. पुढे तो खरोखरच बाजारातल्या भाषेत बोलतो आणि त्यामुळेच खटला हरतो. पण श्रोत्यांपैकी जाणकारांनी या पहिल्याच वाक्यांना मनात हसून दाद दिली असेल, किंवा कपाळाला आठी घातली असेल.

यानंतर त्याने केलेली मांडणी विलक्षण आहे. समोर उभ्या असलेल्या तीन फिर्याद्यांना तो बाजूला ठेवतो आणि जुन्या फिर्याद्यांना उत्तर देऊ लागतो. या जुन्यांना नावे नाहीत, चेहरे नाहीत. ऐकीव गोष्टी पसरवणारे, पंचांच्या लहानपणीच त्यांच्या कानात विष ओतणारे असे ते आहेत. नाव घेता येईल असा त्यांतला एकच, विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफनीस. त्याच्या 'मेघ' या नाटकात इ. स. पू. ४२३ मध्ये सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळताना अथेन्सने पाहिला होता. म्हणजे हा पंच तरुण असताना ज्या सॉक्रेटिसला पोट धरधरून हसला, त्याचाच आता चोवीस वर्षांनी त्याला न्याय करायचा होता. सावल्यांशी लढावे लागत आहे, असे आरोपी म्हणतो. कोणत्याही लहान गावात, कोणत्याही धर्मग्रामात राहिलेल्या माणसाला हे कळेल. उघड आरोपाला उत्तर देता येते. तीस वर्षांपूर्वी कोणाच्या तरी ओटीवर झालेल्या थट्टेला देता येत नाही.

डेल्फीच्या दैववाणीची कथा येथेच येते. चेरेफॉन नावाच्या मित्राने अपोलोच्या देवळात विचारले की सॉक्रेटिसपेक्षा शहाणा कोणी आहे काय; उत्तर मिळाले, कोणी नाही. त्या उत्तराचा अर्थ लावण्यासाठी सॉक्रेटिस दारोदार हिंडला. राजकारणी, कवी, कारागीर अशा क्रमाने. कवींच्या बाबतीतला त्याचा निष्कर्ष साहित्यिक नियतकालिकात सांगायला जरा अवघड आहे : कवींना आपल्याच कवितेचा अर्थ सांगता येईना, जवळ उभा असलेला कोणीही तो त्यांच्यापेक्षा बरा सांगत होता. फिर्याद्यांतला मेलेटस कवींच्या बाजूने रागावलेला होता हे आरोपीच नंतर सांगतो, तेव्हा त्या रागाचे मूळ आपल्याला ठाऊक झालेले असते.

मेलेटसची उलटतपासणी हा या भाषणातला सर्वांत चटपटीत आणि, माझ्या मते, बचाव म्हणून सर्वांत कच्चा भाग आहे. सॉक्रेटिस त्याला प्रश्नांच्या जाळ्यात ओढतो आणि त्याच्याकडून वदवून घेतो की आरोपी मुळी कोणताच देव मानत नाही. मग लगेच दाखवतो की नवी दैवते आणणारा माणूस देव न मानणारा कसा असेल? मेलेटस निरुत्तर होतो; पण आरोप निरुत्तर होत नाही. आरोप होता नगराचे देव न मानण्याचा. त्याचे सरळ उत्तर आरोपीने दिलेलेच नाही.

आणि सरळ उत्तर उपलब्ध होते. झेनोफन हा सॉक्रेटिसचा दुसरा शिष्य. त्यानेही एक 'अपॉलॉजी' लिहिली. खटल्याच्या वेळी तो आशियात भाडोत्री सैन्याबरोबर होता, म्हणून त्याने हर्मोजिनीसच्या तोंडून ऐकलेले लिहिले. त्याचा सॉक्रेटिस साधेपणाने म्हणतो की सणासुदीला सार्वजनिक वेदींवर बळी अर्पण करताना मला सगळ्यांनी पाहिले आहे, मेलेटसलाही पाहता आले असते. संपला प्रश्न. प्लेटोच्या सॉक्रेटिसला हे वाक्य का सुचू नये? दोन शक्यता दिसतात. एक, ते खरे नव्हते. ही मला संभवनीय वाटत नाही. दुसरी, प्लेटोला असा सॉक्रेटिस नको होता जो वेदीवरच्या धुराचा दाखला देऊन सुटका मागेल. ज्या देवाने आपल्याला या नगरावर, सुस्त घोड्याला चावणाऱ्या गोमाशीसारखे, बसवले आहे असे तो मानतो, त्या देवाविषयीचे त्याचे ऋण बळीच्या हिशेबात मांडता येणारे नव्हते. यात प्लेटोने आपल्या गुरूला मोठे केले, आणि पंचांपुढे त्याची बाजू लंगडी केली. साहित्य म्हणून हा निर्णय मला पटतो. पण पंचांच्या बाकावर बसलेल्या, घरी कुलदेवतेची वेदी असलेल्या माणसाला आपल्या शंकेचे उत्तर मिळाले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

त्या बाकावरच्या माणसांचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. पवित्र शुक्रवारी चर्चमध्ये प्रभूच्या दुःखसहनाचे वाचन होते तेव्हा जमावाची वाक्ये आपण सर्व भाविक म्हणतो. तो आरडाओरडा आपल्याच तोंडून निघतो आणि दरवर्षी त्याने अंगावर काटा येतो. प्लेटोने जमावाला एकही वाक्य दिलेले नाही. मात्र चार-पाच ठिकाणी सॉक्रेटिस मध्येच थांबून गलका करू नका अशी विनंती करतो. दैववाणीचे नाव निघते आणि विनंती येते. मला मारलेत तर माझ्यापेक्षा तुमचेच नुकसान होईल असे तो म्हणतो आणि पुन्हा तीच विनंती. या विनंत्या म्हणजे भिंतीवरचे ओलीचे डाग आहेत. पलीकडे पाणी किती साचले होते ते त्यांवरून ओळखायचे. 'अपॉलॉजी' पुन्हा वाचताना मी आता याच जागांवर थांबतो.

त्या गलक्यामागे काय होते? येथे आपल्याला भाषणात नसलेल्या गोष्टींकडे वळावे लागते. स्पार्टाशी सत्तावीस वर्षे चाललेले युद्ध अथेन्स इ. स. पू. ४०४ मध्ये हरले. स्पार्टाच्या आश्रयाने तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने पंधराशेहून कमी नाहीत इतक्या माणसांचे बळी घेतले असा प्राचीन आकडा आहे. लोकशाहीवादी परागंदा झाले, लढून परतले, आणि ४०३ मध्ये सर्वांनी शपथपूर्वक मागच्या वैराला मूठमाती देण्याचा करार केला. या तिसांचा म्होरक्या क्रिटियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरलेला होता. अथेन्सला दगा देऊन शत्रूला मिळालेला अल्सिबायडीसही. आणि फिर्याद्यांतला अ‍ॅनिटस होता परागंदा होऊन परतलेल्या लोकशाहीवाद्यांचा पुढारी. करारामुळे जुना राजकीय हिशेब न्यायालयात काढता येत नव्हता. तो मनातून काढून टाकण्याचा करार मात्र कोणी करू शकत नाही. चोपन्न वर्षांनंतर, इ. स. पू. ३४५ मध्ये, एस्किनीस हा वक्ता अथेन्सच्या पंचांना सहजगत्या आठवण करून देतो की क्रिटियासला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारलेत. त्याला ते सिद्ध करावेसे वाटत नाही.

अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन याने १९८८ मध्ये या खटल्यावर लिहिलेल्या पुस्तकात प्लेटोला याच मुद्द्यावर धारेवर धरले. सॉक्रेटिस लोकशाहीचा शत्रू होता आणि प्लेटोने राजकारण दडपून त्याला केवळ विचारांचा हुतात्मा केले, असे त्याचे म्हणणे. म्हातारपणी ग्रीक शिकून लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि त्याच्या चिकाटीपुढे आपण नमतो. त्याची अर्धी बाजू मला मान्य आहे. क्रिटियास प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ होता; त्याच राजवटीत सामील असलेला चार्मिडीस तर सख्खा मामा. 'अपॉलॉजी'त या दोघांचे नाव नाही. घरातल्या माणसांच्या पापामुळे गुरूचा जीव गेला असेल, तर शिष्याच्या लेखणीला तिथे मुके होण्यावाचून गत्यंतर राहिले नसेल.

पण स्टोन म्हणतो तेवढे हे मौन संपूर्ण नाही. सॉक्रेटिस दोन प्रसंग सांगतो. इ. स. पू. ४०६ मध्ये आर्जिनुसीच्या आरमारी लढाईनंतर, बुडणाऱ्या खलाशांना वाचवले नाही म्हणून सेनापतींवर एकत्रित खटला भरण्याचा बेकायदा ठराव लोकसभेत आला. तेव्हा समितीत असलेल्या सॉक्रेटिसने एकट्याने त्याला विरोध केला. दुसरा प्रसंग तिसांच्या राजवटीतला. सॅलॅमिसच्या लिऑनला ठार करण्यासाठी पकडून आणण्याचा हुकूम पाच जणांना झाला. चौघे सॅलॅमिसला गेले. सॉक्रेटिस घरी गेला. एक प्रसंग लोकशाहीविरुद्धचा, दुसरा जुलूमशाहीविरुद्धचा. स्टोनसारखे टीकाकार या दुसऱ्या प्रसंगावर बोट ठेवून विचारतात की घरी गेला, पण लिऑनला सावध का केले नाही? प्रश्न योग्य आहे, आणि तो सॉक्रेटिसच्या बाजूने सोडवून टाकण्याची घाई आपण करू नये. वाईटात हात घालायचा नाही एवढ्यावर त्याचे शौर्य थांबते. लिऑन मेला.

आणखी एक बारीकशी जागा आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. चेरेफॉनचे नाव घेताना सॉक्रेटिस पंचांना सांगतो की हा तुमच्या पक्षाचा, तुमच्याबरोबर परागंदा झाला आणि तुमच्याबरोबरच परत आला. किती थोडक्यात हे येऊन जाते! सॉक्रेटिस स्वतः त्या काळात शहरातच राहिला होता, हे प्रत्येक पंचाला ठाऊक होते. तुमच्याबरोबर, असे तो म्हणतो. आमच्याबरोबर, असे त्याला म्हणता येत नाही. मित्राच्या निमित्ताने उच्चारलेल्या या एका वाक्यात त्याने राजकारणाचा सारा अवघडपणा मान्य केला आहे असे मला वाटते.

पहिले मतदान झाले. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असे आरोपी आश्चर्याने नमूद करतो. पंच पाचशे धरले तर २८० विरुद्ध २२०. जमावाने डोळे मिटून संताला सुळावर चढवले, ही जी कथा आपण मुलांना सांगतो तिला हा आकडा धक्का देतो. दर पाचांत दोघांहून अधिक पंचांनी त्याला निर्दोष मानले होते. ज्या नगराने त्याला मारले त्याच नगराने त्याला सत्तर वर्षे बोलूही दिले होते.

या आरोपाला कायद्याने ठरलेली शिक्षा नव्हती. फिर्यादी एक शिक्षा सुचवी, आरोपी दुसरी, आणि पंचांनी दोहोंतली एक निवडायची. मधला मार्ग त्यांना काढता येत नसे. मेलेटसने मृत्युदंड मागितला होता. सॉक्रेटिसने हद्दपारी मागितली असती तर ती बहुधा मिळाली असती. 'क्रायटो'त अथेन्सचे कायदे त्याला हेच ऐकवतात. त्याने काय मागितले? ऑलिंपिकच्या विजेत्यांना मिळते तसे नगराच्या सभागृहात जन्मभर फुकट जेवण. आपण नगराचे जे भले केले त्याचा योग्य मोबदला हाच, असे तो म्हणतो. मग म्हणतो, दंडच हवा तर एक मिना देईन, तेवढीच ऐपत आहे. मग प्लेटो, क्रायटो, क्रिटोब्यूलस आणि अपोलोडोरस यांनी खुणावल्यावर तीस मिना. एक मिना म्हणजे शंभर ड्राख्मा; तीन ओबोल रोजाच्या पंचाचा दोनशे दिवसांचा भत्ता. तीस मिना म्हणजे सहा हजार दिवसांचा. रक्कम क्षुल्लक नव्हती. परंतु जेवणाच्या मागणीनंतर ती कोणाच्या कानात शिरली असेल? झेनोफन तर लिहितो की सॉक्रेटिसने पर्यायी शिक्षा सुचवण्यासच नकार दिला, कारण तसे करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. त्याच्या मते सॉक्रेटिसचा सूर चढा होता आणि तो मुद्दाम चढा होता. वार्धक्याचे हाल भोगण्यापूर्वी मरण त्याला सोयीचे वाटत होते. झेनोफनचे हे स्पष्टीकरण मला खुजे वाटते. सेनानी माणूस, त्याला डावपेच दिसतात. पण सूर चढा होता हे दोघेही साक्षीदार मान्य करतात, तेव्हा तेवढे खरे मानायला हरकत नसावी.

दुसऱ्या मतदानात मृत्युदंडाला पहिल्यापेक्षा ऐंशी मते जास्त पडली, असे डायोजिनीस लएर्टियस सांगतो. तो सुमारे सहाशे वर्षांनंतरचा आणि संख्यांच्या बाबतीत फारसा काटेकोर नसलेला लेखक. तरी ही माहिती खरी असेल, तर माझ्या दृष्टीने या खटल्याचे खरे गूढ या ऐंशी माणसांत आहे. तासाभरापूर्वी ज्यांनी या म्हाताऱ्याला निर्दोष ठरवले त्यांनीच त्याला मरणाची शिक्षा दिली. त्यांचा न्यायविचार बदलला असे कसे म्हणावे? त्यांना त्याचा राग आला. निरपराध आहेस हे आम्ही मानले, पण तू आमच्यापुढे वाकला नाहीस. मुलांना रडवत न्यायालयात आणण्याची रीत होती. सॉक्रेटिसला तीन मुलगे, त्यांतले दोघे लहान. त्याने ते आणले नाहीत, आणि आणणार नाही हेही मुद्दाम बोलून दाखवले. उपकार करायला तयार झालेल्या माणसाचा उपकार नाकारला की तो शत्रूपेक्षा कठोर होतो, हे आपण सोयरिकीत, भाऊबंदकीत आणि, सांगायला संकोच वाटतो, आपल्या संस्थांच्या सभांतही पाहिलेले आहे. प्लेटो या ऐंशींविषयी एक अक्षर लिहीत नाही. तो तिथे होता, त्याने त्यांचे चेहरे पाहिले असतील.

निकालानंतरच्या छोट्या भाषणात सॉक्रेटिस मृत्यूविषयी बोलतो. मृत्यू म्हणजे स्वप्नरहित झोप तरी असेल किंवा दुसऱ्या ठिकाणी स्थलांतर तरी. कोणतेही असले तरी लाभच. कोणते, हे तो सांगत नाही. 'फीडो'त मात्र तोच सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाची एकामागून एक प्रमाणे देतो. ख्रिस्ती वाचकाला साहजिकच 'फीडो' अधिक जवळचा वाटतो. रोमानो ग्वार्दिनी या थोर कॅथलिक धर्मगुरूने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत 'सॉक्रेटिसचा मृत्यू' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नाझी राजवटीने त्याचे बर्लिनमधले अध्यासन १९३९ मध्येच बंद केले होते, हे लक्षात ठेवून तो वाचावा. त्यात 'यूथिफ्रो', 'अपॉलॉजी', 'क्रायटो' आणि 'फीडो' हे चार संवाद एका नाट्याचे चार अंक असावेत तसे ओळीने वाचले आहेत. ते वाचन सुंदर आहे. पण साक्षीदाराने लिहिलेल्या ग्रंथात सॉक्रेटिस मला ठाऊक नाही असे म्हणतो आणि अनुपस्थिताने लिहिलेल्या ग्रंथात त्याला सर्व ठाऊक असते, हा फरक ओळीने वाचताना पुसला जातो. ज्याने जन्मभर आपल्या अज्ञानाची जाणीव हीच आपली पुंजी मानली, त्याच्या तोंडी न्यायालयातला तो मोकळा विकल्पच अधिक शोभतो असे मला वाटते.

आपल्या परंपरेने हे भाषण फार लवकर उचलले. दुसऱ्या शतकातला संत जस्टिन, ज्याचा सण ख्रिस्तसभा १ जूनला पाळते, समारितातला तत्त्वज्ञ. त्याने रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बचावाचे जे लेखन केले त्याचे नावही 'अपोलोगिया'च. शब्द योगायोगाने आलेला नाही. सॉक्रेटिसवर नवी दैवते आणल्याचा आरोप होता, आमच्यावरही तोच आहे, असे जस्टिन दाखवतो. जे शब्दाला, म्हणजे लोगॉसला, धरून जगले ते ख्रिस्तीच होत, मग लोक त्यांना नास्तिक का म्हणेनात, असे म्हणून तो सॉक्रेटिसचे नाव घेतो. पण लगेच एक भेदही करतो : सॉक्रेटिसच्या शिकवणीसाठी कोणी प्राण दिला नाही, ख्रिस्तासाठी अडाणी कारागिरांनीही दिला. जस्टिनला इ. स. १६५ च्या सुमारास रोममध्ये देहान्त शासन झाले, तेही मार्कस ऑरेलियस या तत्त्वज्ञ सम्राटाच्या राज्यात, त्याचा गुरू रुस्टिकस याच्या न्यायासनापुढे. तत्त्वज्ञान न्यायासनावर बसले की काय होते याची प्लेटोला कल्पना आवडली असती की नाही, कोण जाणे. तर्तुलियनने मात्र सॉक्रेटिसची टर उडवली : देव नाकारणारा हा माणूस मरताना अस्क्लेपियसला कोंबडा कबूल करतो!

सॉक्रेटिस आणि प्रभू येशू यांची तुलना प्रवचनांतून वारंवार केली जाते. निरपराध माणसाला कायद्याच्या चौकटीत मारले, एवढे साम्य खरे. पण साहित्याच्या दृष्टीने फरक बोलका आहे. पिलातापुढे येशू बहुतेक मौन पाळतो; सॉक्रेटिस पाण्याच्या घड्याळाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत बोलतो, आणि शिक्षा झाल्यावरही बोलतो. एकाच्या चरित्राचा कस त्याच्या मौनात आहे, दुसऱ्याच्या बोलण्यात.

भारताशी या भाषणाचा एक थेट दुवा आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९०८ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये याचे गुजराती रूपांतर क्रमशः प्रसिद्ध केले; सॉक्रेटिसला त्यांनी सत्यवीर म्हटले. १९१० मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. तेवीस शतकांपूर्वीच्या पंचांना जे भाषण खपले नाही ते मुंबईच्या सचिवालयालाही खपले नाही. सरकारी वाचकाने ते नीट वाचले होते असे म्हणावे लागेल.

'क्रायटो'विषयी थोडेच. डेलॉसच्या यात्रेला गेलेले नगराचे पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणालाही मारायचे नाही असा दंडक होता. झेनोफन म्हणतो की त्यामुळे सॉक्रेटिसला तीस दिवस मिळाले. मित्राने पळून जाण्याची सिद्धता केली, सॉक्रेटिसने कायद्याच्या आदरापोटी नकार दिला. न्यायालयात हाच माणूस म्हणाला होता की चिंतन सोडण्याच्या अटीवर सोडलेत तर मी तुमची आज्ञा मानणार नाही. विसंगती अनेकांनी दाखवली आहे. मला ती फार त्रास देत नाही. आज्ञा मोडीन आणि तिची शिक्षा भोगीन, या दोन गोष्टी एका माणसात सहज नांदतात. गांधीजींना त्यात कोडे दिसले नसते.

राहिला पेला. 'फीडो'च्या सुरुवातीच्या पानांत झांथिपी लहानग्याला घेऊन बसलेली आहे. ती रडू लागताच तिला घरी पाठवले जाते, आणि पुरुष दिवसभर आत्म्याविषयी बोलतात. संध्याकाळी कुटुंबातल्या स्त्रिया व मुले निरोपाला येऊन जातात, पण तेव्हाचे बोलणे प्लेटोने आपल्याला ऐकू दिलेले नाही. हे मला प्रत्येक वाचनात खुपते. उलट तुरुंगाचा रक्षक रडत पाठ फिरवतो तेव्हा त्याला दोन शब्द मिळतात. मग पेला आणणारा सेवक येतो, सूचना देतो. सॉक्रेटिस चालतो, पाय जड झाल्यावर आडवा होतो, तो माणूस पाऊल दाबून विचारतो, पोटरी दाबून विचारतो, थंडपणा वर चढत जातो. हे वर्णन अवास्तव गोड आहे, हेमलॉकने आचके येतात, असा आक्षेप बराच काळ घेतला जाई. २००१ मध्ये एका अभ्यासिकेने वनस्पतिशास्त्र व वैद्यक धुंडाळून दाखवले की ग्रीकांचे हेमलॉक जर 'कोनियम' ही वनस्पती असेल, तर पायांपासून वर चढणारा लुळेपणा आणि अखेरपर्यंत शुद्ध असलेले मन, ही लक्षणे प्लेटोच्या वर्णनाशी जुळतात.

म्हणजे तिथे नसलेल्याने तपशील बरोबर लिहिले. त्याने ते कोणाला तरी विचारले असणार : पाऊल आधी की पोटरी, चेहरा झाकलेला होता की उघडा, कोंबड्याचे कोणाला सांगितले. उपस्थितांची यादी तो फीडोच्या तोंडून देतो, एकेक नाव घेत. आणि त्या यादीत आपले नाव येते तेव्हा तो फीडोला खात्रीने बोलू देत नाही. प्लेटो, मला वाटते, आजारी होता, एवढेच फीडो म्हणतो आणि पुढच्या नावाकडे वळतो.